शताब्दीआधी बांध बांधा: शिरोड्याच्या मिठागरांसाठी एक खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, सिंधुदुर्ग जिल्हा,
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग,
आणि शिरोड्याच्या मीठ सत्याग्रहाची शताब्दी साजरी करण्याचा विचार करणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

१२ मे २०३० या दिवशी शिरोड्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. अजून पुष्कळ वेळ आहे, असे आपल्याला वाटेल. पण सरकारी शताब्दी कशी येते ते आपण सगळेच जाणतो: शेवटच्या वर्षी समिती, शेवटच्या महिन्यात निविदा, शेवटच्या आठवड्यात पेव्हर ब्लॉक. म्हणून आधीच लिहिते आहे. कमान, पुतळा, रोषणाई, ध्वनिप्रकाशाचा खेळ यांपैकी जे काही कुणाच्या मनात असेल, त्याचा पैसा मिठागरांच्या बांधांवर घाला, एवढीच माझी मागणी आहे. पत्र लांब झाले आहे, कारण ही मागणी जेवढी साधी वाटते तेवढी नाही.

मी वेंगुर्ले तालुक्यातली. घरी आगळ, आमसुले, कैरीचे लोणचे आणि मिठाच्या पाण्यातले आंबे करून विकते. मिठागर माझे नाही, तिथे माझे कुणी कामालाही नाही. हे पत्र गिऱ्हाइकाचे आहे. रातांबा, म्हणजे कोकमाचे फळ, पिकतो एप्रिल-मेमध्ये आणि आगरातले मीठ भरात येते तेही त्याच दिवसांत. सोले पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवायची, आगळासाठी मिठाचे थर घालायचे, म्हणजे माझ्या घरात पोत्यांनी मीठ लागते, आणि लागते ते जाडे मीठ. ते सावकाश विरघळते, रस सुटायला अवधी देते. पाकिटातल्या पिठासारख्या मिठाने हे काम होत नाही असे नाही, पण खिशाला परवडत नाही आणि मनालाही. ज्या गावच्या मिठासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली, त्याच्या शेजारी राहून मी गुजरातचे मीठ आणू? देशातले तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ तिथे पिकते, ते स्वस्त आहे आणि चांगलेही आहे. माझे त्याच्याशी भांडण नाही. पण शिरोड्याचे मीठ संपले तर ते स्पर्धेत हरून संपले असे कुणी म्हणू नये. ते बांध फुटून संपत आले आहे.

बांध म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. पाहुणे मंडळी रस्त्यावरून मिठाच्या पांढऱ्या राशी बघतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांना वाटते, समुद्राचे पाणी अडवले, ऊन लागले, मीठ झाले. समुद्राच्या हजार लिटर पाण्यात साधारण पस्तीस किलो क्षार असतात. त्यांत आपण खातो ते मीठ सत्तावीस किलोच्या आसपास. बाकीचे क्षार योग्य वेळी बाजूला काढायचे, हीच मिठागराची सगळी विद्या.

उधाणाच्या भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचे पाणी आत घेतात आणि मोठ्या खणांत उभे करतात. तिथे ते तापते, आटते, आणि मग एकेक पायरी पुढच्या लहान खणांत सोडले जाते. पाणी मूळच्या साधारण दहाव्या हिश्शावर येईपर्यंत मिठाचा खडा धरत नाही. त्याच्या आधी जिप्सम खाली बसते, आणि ते बाहेरच्या खणांतच बसले पाहिजे. आतल्या खणांत आले की मिठात कच येते. उलट मीठ बसल्यावर जे कडवट पाणी उरते, ते वेळेवर काढून टाकले पाहिजे. ते राहिले तर त्यातल्या मॅग्नेशियममुळे मीठ कडू होते आणि पावसाळ्यात बरणीत पाझरते. गावठी मीठ ओलसर असते म्हणून नाके मुरडणाऱ्यांना एक सांगते: तो ओलावा समुद्राचा गुण नव्हे, घाईत काढलेल्या मिठाचा दोष आहे. नीट काढलेले शिरोड्याचे मीठ माझ्या बरणीत गणपतीपर्यंत सुटे राहते.

पाणी कितपत दाट झाले हे मोजायला हायड्रोमीटर असतो. जुने हात मात्र पाण्याचा रंग बघून आणि दोन बोटांत चोळून सांगतात. खणाचा तळ दर वर्षी नव्याने तुडवावा लागतो, चोपून घट्ट करावा लागतो, नाहीतर मिठाबरोबर चिखल वर येतो. दिवाळीनंतर आगर उपसून ही सगळी मशागत होते आणि वर्ष सरता सरता पाणी चढू लागते. सकाळी मतलई वारा कोरडा वाहत असला की आटायला मदत होते. हवा दमट राहिली की दिवसभर ऊन असूनही पाणी जागचे हलत नाही. मीठ ओढायचे ते भल्या पहाटे किंवा उन्हे कलल्यावर, कारण दुपारी त्या पांढऱ्या चकाकीत डोळे उघडे राहत नाहीत. मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि निसरड्या बांधावरून राशीपर्यंत. हे वाहून न्यायचे काम बहुतेक बायकांचे. मिठाच्या पाण्याने भेगा पडलेली त्यांची पावले कुणाच्या फोटोत येत नाहीत.

आता बांध. वर सांगितलेली ही सारी विद्या चिखलाच्या एका बांधावर उभी आहे. एका उधाणाने त्याला हातभर भगदाड पडले तरी आतल्या सगळ्या खणांत ताजे खाडीचे पाणी शिरते आणि महिनाभर आटवलेले पाणी पुन्हा पहिल्या पायरीवर जाते. भगदाड लहान असताना दोन दिवसांत चार गड्यांनी बुजवता येते. पैसा नाही, माणसे नाहीत, जबाबदारी कुणाची ते ठरत नाही म्हणून ते राहिले, की पुढच्या भरतीला रुंदावते. त्या वर्षीचा हंगाम गेलाच. पण खरा घात त्याच्या पुढे आहे, आणि आपल्याकडून मला ज्याचे उत्तर हवे तो मुद्दा हाच.

बांध फुटलेल्या आगरात भरती-ओहोटी खेळू लागली की तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, रुजतात. दोनचार पावसाळे गेले की गुडघाभर, मग कमरेएवढी. तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे. ते हवेच. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये तिवरे तोडण्याविरुद्ध जे सांगितले, त्याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. खाडीकाठी राहणाऱ्याला तिवर म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही, आमची कोळंबी आणि खेकडे तिथेच वाढतात. पण याचा अर्थ असा, की एकदा तिवरे उभी राहिली की त्या जागी मिठागर पुन्हा होणार नाही, आणि होऊही नये. म्हणजे मिठागर वाचवायला वेळ असतो तो भगदाड पडल्यापासून तिवरे रुजेपर्यंतचा, मोजकी दोनतीन वर्षे. आपल्या एका प्रस्तावाला टेबलावरून टेबलावर जायला तेवढा वेळ सहज लागतो. फाईल फिरत असते तोवर आगर मरून जाते, आणि नंतर कुणावर ठपका ठेवायला कायदाही जागा ठेवत नाही. कुणी मारले नाही, कुणी विकले नाही, कुणी भराव घातला नाही. मिठागर नुसते नाहीसे झाले.

ही फाईल फिरते तरी कुठे? मीठ हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतला विषय आहे, ५८ वी नोंद. त्याचे आयुक्तालय जयपूरला. समुद्र नसलेल्या राज्याच्या राजधानीत बसून समुद्राच्या मिठाचा कारभार चालतो, याचे मला लहानपणापासून हसू येते, पण ते असो, सांभरचे सरोवर तिकडेच आहे. खाऱ्या पाण्यापासून जमीन वाचवणारे बांध राज्याच्या खारभूमी विभागाकडे, त्याचा कायदा १९७९ चा. किनाऱ्यावर काही बांधायचे तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. विकायचे तर अन्नसुरक्षेचे नियम. पाऊस पडून पीक गेले तर कृषी खाते आणि पीकविमा आहे, पण मीठ हा शेतमाल नव्हे, त्यामुळे तो दरवाजा बंद. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले ते नेमके मिठाच्या दिवसांत. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडापर्यंत पोचला, आणि त्याच्या आधीचे काही दिवसही कोसळतच होता. आंब्याच्या नुकसानीवर चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. मिठाचे नुकसान बघायला कोणत्या खात्याच्या माणसाने यायचे, हे मला आजही कुणी सांगू शकलेले नाही. मिठाच्या बाबतीत प्रत्येक खात्याचे काम शेजारच्या खात्याच्या हद्दीत सुरू होते.

म्हणून हे पत्र जयपूरला न पाठवता तुम्हाला. जिल्हाधिकारी सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवू शकतात. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीत पैसा ठेवू शकतात. मिठाचे धोरण केंद्राचे असेल, पण चिखलाचा बांध सिंधुदुर्गातच आहे.

दुसरी गोष्ट आयोडीनची. ही लिहिताना मला सांभाळून लिहावे लागते, कारण आमच्याच बाजूची काही माणसे याबद्दल भलते बोलतात. आयोडीनची सक्ती हा कंपन्यांचा डाव आहे, समुद्राच्या मिठात सगळे असतेच, मासे खाणाऱ्यांना आयोडीन कशाला, असे काहीबाही. समुद्राच्या मिठात आयोडीन अगदी नगण्य असते, ते गलगंडाला पुरत नाही. देशाने १९६२ पासून गलगंडाविरुद्ध कार्यक्रम चालवला आणि त्यातून पोरे वाचली, त्यांची डोकी वाचली. या सक्तीला माझा विरोध नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

नियम असा, की थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकता येत नाही. किरकोळ विक्रीत दहा लाख भागांत किमान पंधरा भाग आयोडीन हवे. टिकवणासाठी, जनावरांसाठी, कारखान्यांसाठी तसे लेबल लावून साधे मीठ विकता येते. म्हणजे शिरोड्याचे मीठ माझ्या लोणच्याला चालते, म्हशीला चालते, माडाच्या बुंध्याला चालते, बर्फाच्या फॅक्टरीला चालते. शिरोड्यातल्याच वाण्याने ते ‘जेवणाचे मीठ’ म्हणून विकले तर तो गुन्हा. आणि जो माल फक्त माडाला आणि म्हशीला विकता येतो, त्याचा भावही माडाम्हशीचाच मिळणार. त्या भावात बांध दुरुस्त होत नाही.

१९३० साली मिठावर मणाला, म्हणजे साधारण सदतीस किलोंना, सव्वा रुपया कर होता. गांधीजींनी ६ एप्रिलला दांडीला मीठ उचलले आणि १२ मे रोजी शिरोड्यात महाराष्ट्रभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी आगरावर चाल केली. शिरोडा त्या वेळी इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते, दक्षिणेला पोर्तुगीजांचा गोवा, पूर्वेला सावंतवाडी संस्थान. मोठ्या शहरापासून इतक्या दूर माणसे बैलगाड्यांनी, बोटींनी, पायी आली आणि लाठ्या खाऊन तुरुंगात गेली. पुढे मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. त्यात मिठाबद्दल ठरले ते हे, की जिथे मीठ तयार होते तिथल्या गावकऱ्यांनी ते घरच्या वापरासाठी घ्यावे किंवा गावातल्या गावात विकावे, बाहेर मात्र विकू नये. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. करारातली ती सवलत तरी गावातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत होती. आजचा नियम चांगल्या हेतूने केलेला आहे, तरी शिरोड्याच्या मिठाला शिरोड्याच्या स्वयंपाकघरात शिरू देत नाही.

उपाय मात्र अवघड नाही. एक टन मिठाला पन्नासेक ग्रॅम पोटॅशियम आयोडेट पुरते. मीठ धुवायचे, सुकवायचे, फवारा मारून ते मिसळायचे आणि तपासणी करून पोत्यावर शिक्का मारायचा. एकट्या आगरवाल्याला हे यंत्र परवडणार नाही, पण सगळ्यांत मिळून एक परवडेल, आणि सरकारने पहिले यंत्र दिले तर नक्कीच. धुणे आणि सुकवणे मात्र टाळून चालणार नाही. ओलसर मिठात आयोडीन टिकत नाही. म्हणजे मिठागरवाल्यांनाही आपल्या कामात शिस्त आणावी लागेल, कडवट पाणी वेळेवर काढावे लागेल. ते माझे मिठागरवाल्यांशी भांडण आहे, ते मी त्यांच्या तोंडावर करते. इथे ते मुद्दाम नोंदवले, म्हणजे हे पत्र कुणाच्या सांगण्यावरून लिहिले असे वाटू नये.

जाता जाता, २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानातून आयात बंद होईपर्यंत मुंबईच्या दुकानांत तिथल्या खेवड्याच्या खाणीतले गुलाबी मीठ देखण्या काचेच्या बरणीत मिळत असे. त्याला गिऱ्हाईक होते. तर आमच्या मिठाला नसेल का? पण बरणी आणि लेबल नंतर. आमच्या मालवणीत सांगायचे तर, पयलो बांध, मगे बाकी सगळा.

मुंबईचा विषय निघालाच आहे. २०२४ मध्ये केंद्राने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची मिळून २५५.९ एकर मिठागराची जमीन धारावीतल्या लोकांच्या घरांसाठी राज्याला द्यायला मंजुरी दिली. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. घर नसलेल्याला घर हवेच, आणि भरतीचे पाणी जिरवणारी सखल जागाही शहराला हवीच. मला त्यातून एवढेच दिसते, की मिठागराची जमीन सरकारच्या नजरेत यायला ती मुंबईत असावी लागते, आणि तिथे ती नजरेत येते ती मीठ पिकणे थांबल्यावर, मोकळी जागा म्हणून. आमच्याकडे जमिनीला तसा भाव नाही म्हणून आजवर वाचलो. रेडी बंदर जवळ, गोव्याची हद्द जवळ, मोपाचा विमानतळ जवळ. हा दिलासा फार वर्षे टिकेल असे मला वाटत नाही. तेरेखोलच्या पलीकडे पेडण्यात आगरवाड्याला आजही मीठ काढतात, आणि त्या बाजूला जमिनीचे काय होते आहे ते आम्हाला इथून दिसते.

तर नेमके काय करायचे? आधी चालू आणि पडीक अशा सगळ्या आगरांची बांधासह नोंद करा. मालकी कुणाची, भाडेपट्टा कुणाचा, उघाडी कुठल्या अवस्थेत, तिवरे कुठपर्यंत आली. जिथे तिवरे उभी राहिली तो भाग सोडून द्या, वन विभागाच्या कांदळवन कक्षाला तसे लिहून द्या, म्हणजे उद्या कुणी ‘मिठागर वाचवतो’ म्हणून तिवरांवर कुऱ्हाड घालणार नाही. हे मी सगळ्यांत आधी लिहिते, कारण आमच्या बाजूने लबाडी होईल तर इथेच होईल. उरलेल्या आगरांसाठी जिल्हा नियोजनातून बांधदुरुस्तीचा निधी ठेवा, आणि तो दसऱ्याच्या आत हातात पडेल असा ठेवा. मार्चअखेर खर्ची घातलेला पैसा मिठाच्या काही कामाचा नाही, तोवर खणांत पाणी चढलेले असते. १९७९ च्या खारभूमी कायद्यात मिठागराच्या बांधाला जागा असेल तर ती वापरा, नसेल तर तशी दुरुस्ती सुचवणारे पत्र मंत्रालयात पाठवा. भगदाड पडल्यावर पंधरा दिवसांत माती पडावी, यासाठी तहसीलदारांना तेवढ्यापुरता अधिकार द्या. अवकाळी पावसात मीठ विरघळले तर पंचनामा कुणी करायचा, ते एका ओळीच्या आदेशात लिहा. आणि आयोडीनचे सामाईक यंत्र, सोबत तपासणीची सोय, शिरोड्यात बसवा.

यातल्या कशालाही मोठी रक्कम लागत नाही. एका कमानीच्या पैशात किती बांध होतात, याचा हिशेब आपल्या बांधकाम विभागाकडून मागवून पाहा.

शताब्दीच्या दिवशी भाषणे होतील, मग जेवण होईल. मंडपात पानाच्या कडेला मीठ वाढतील. आज आहे तसेच सगळे राहिले, तर त्या पानावर शिरोड्याचे मीठ वाढता येणार नाही, कारण ते खाण्याचे मीठ म्हणून कुणाला विकताच येत नाही. दुसऱ्या राज्यातून आलेले पाकीट फोडावे लागेल. पालकमंत्री साहेब, तुमच्या शेजारी बसलेल्या पाहुण्याने विचारले, की हे मीठ इथलेच ना, तर काय सांगायचे ते आत्ताच ठरवायला हवे. यंत्र बसवायला एक हंगाम पुरे, बांध नीट करायला दोन. यंदाच्या दसऱ्यापासून सुरुवात केली तर वेळ आहे.

पाहणीसाठी कधीही या, फक्त दुपारी नको आणि पायात बूट नको. बांधावरून अनवाणीच चालावे लागते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वेंगुर्ले तालुक्यातली एक आगळ-लोणचीवाली